एका टेबलावर अनेक संगणक : केव्हीएम स्विचची निवड आणि जोडणी

एकाच टेबलावर दोन किंवा अधिक संगणक वापरायचे असतील, तर प्रत्येकासाठी स्वतंत्र मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस मांडण्याऐवजी एकच संच ठेवून त्याच्या आणि संगणकांच्या मध्ये केव्हीएम स्विच बसवता येतो. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे हे उपकरण एका बाजूने आपल्या संचाला आणि दुसऱ्या बाजूने सर्व संगणकांना जोडलेले असते, आणि बटण दाबताच तो संच एका संगणकाकडून काढून दुसऱ्याकडे सोपवते. हे वर्णन इतके सरळ आहे की खरेदी करताना बहुतेक जण किती संगणक जोडता येतील एवढेच पाहतात. मग काही दिवसांतच पडदा काळा राहणे, उघडलेल्या विंडो विस्कटणे, कीबोर्डने काही क्षण दाद न देणे अशा तक्रारी सुरू होतात.

या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. चित्र एका केबलवरून दुसरीवर वळवणे हे स्विचचे सोपे काम आहे. ज्या संगणकाकडे आपण पाठ फिरवली, त्याला आपला मॉनिटर आणि कीबोर्ड काढून नेल्याचे कळू न देणे हे त्याचे अवघड काम. हे दुसरे काम तो किती नीट करतो यावरच त्याची पारख करावी, आणि जोडणी करतानाही तीच गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्विच खरोखर हवा आहे का?

प्रत्येक संगणकाला स्वतःचा पडदा असेल आणि केवळ कीबोर्ड-माउस एकच ठेवायचे असतील, तर कोणतेही उपकरण विकत घेण्याची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज संचातील माउस विदाउट बॉर्डर्स ही सोय विंडोज चालवणाऱ्या चार संगणकांपर्यंत एकच माउस फिरवू देते. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची सरमिसळ असेल तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप यांसारखे मुक्त प्रणालीतील प्रोग्राम तेच काम करतात. हे सर्व प्रोग्राम नेटवर्कवरून चालतात, त्यामुळे संगणक पूर्णपणे सुरू होऊन त्याची ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही, आणि बायोसच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी दिसणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या, पडद्यावर तर ते पोहोचूच शकत नाहीत. शिवाय कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर असे काही इन्स्टॉल करण्याची मुभा सहसा नसते.

दुसरा पर्याय फारसा विचारात घेतला जात नाही, आणि माझ्या मते दोन संगणक व एक मॉनिटर एवढाच मामला असेल तर तोच सर्वांत निर्धोक आहे. आजच्या बहुतेक मॉनिटरना दोन-तीन इनपुट असतात. दोन्ही संगणकांच्या व्हिडिओ केबल थेट मॉनिटरला जोडाव्यात आणि कीबोर्ड-माउसपुरता साधा यूएसबी स्विच घ्यावा. चित्र कोणत्याही मधल्या पेटीतून जात नसल्याने मॉनिटरची पूर्ण क्षमता वापरता येते. मॉनिटरच्या मागे हात घालून इनपुट बदलण्याचा त्रास मात्र उरतो. तो डीडीसी-सीआय या मॉनिटरला आज्ञा देण्याच्या पद्धतीने बराच कमी होतो, कारण ती वापरणारे छोटे प्रोग्राम कीबोर्डच्या शॉर्टकटवर किंवा यूएसबी उपकरण जोडले गेल्याचे पाहून मॉनिटरचे इनपुट आपोआप बदलतात. त्यासाठी मॉनिटरच्या मेनूमध्ये डीडीसी-सीआय चालू असल्याची खात्री करून घ्यावी. काही मॉनिटरमध्ये तर केव्हीएमची सोय आतच असते. अशा मॉनिटरला संगणकाकडे जाणारे दोन यूएसबी पोर्ट असतात आणि कोणता पोर्ट कोणत्या इनपुटशी बांधायचा, हे त्याच्याच मेनूमध्ये ठरवावे लागते. ही बांधणी केली नाही तर चित्र बदलते आणि कीबोर्ड पहिल्याच संगणकाकडे राहतो.

तीन किंवा अधिक संगणक, प्रत्येकी दोन मॉनिटर, किंवा ज्याला स्वतःचा पडदाच नाही असा सर्व्हर, अशा वेळी मात्र खरा केव्हीएम स्विच घ्यावा.

खरेदीपूर्वीची पाहणी

प्रथम प्रत्येक संगणकाच्या मागे जाऊन कोणते व्हिडिओ पोर्ट (एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, यूएसबी-सी) आहेत हे कागदावर लिहावे, मॉनिटरचे इनपुट लिहावेत, आणि मॉनिटर सध्या कोणत्या रिझोल्यूशनवर व किती हर्ट्झवर (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवत, म्हणजेच कोणत्या रिफ्रेश दराने) चालतो तेही नोंदवावे. विंडोज ११ मध्ये हा आकडा सेटिंग्जमधील सिस्टिम, डिस्प्ले आणि अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने गेल्यावर दिसतो. लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट असेल, तर त्यातून चित्र बाहेर पडतेच असे गृहीत धरू नये. आकार तोच असला तरी अनेक पोर्टमधून केवळ डेटा आणि चार्जिंग मिळते. लॅपटॉपच्या पुस्तिकेत त्या पोर्टपुढे डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट असा उल्लेख शोधावा.

आता स्विचची क्षमता. खोक्यावर 'फोर-के' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण किती हर्ट्झवर हे बारीक अक्षरांत असते, आणि सारा फरक तिथेच आहे. ३८४० बाय २१६० पिक्सेलचे हे फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर एचडीएमआयमध्ये पिक्सेलचा वेग ५९४ मेगाहर्ट्झ होतो. तीन रंगांच्या तीन वाहिन्या आणि प्रत्येक वाहिनीवर एका पिक्सेलमागे १० बिट असा गुणाकार केला, की सेकंदाला १७.८२ गिगाबिट येतात. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट आहे, म्हणून त्या पिढीचा स्विच हेच चित्र फक्त ३० हर्ट्झवर देतो. ३० हर्ट्झवर चित्रपट ठीक दिसतो, पण माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर काम करणाऱ्याला तो वैताग आणतो. २०१३ च्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट असल्याने ६० हर्ट्झ त्यात जेमतेम बसते, आणि १२० हर्ट्झ हवे असेल तर ४८ गिगाबिटपर्यंत जाणारी २.१ ची पिढी लागते. डिस्प्लेपोर्टमध्ये १.२ या आवृत्तीवर फोर-के ६० हर्ट्झ सहज मिळते आणि १.४ वर १२० हर्ट्झही मिळते. साखळीतला सर्वांत जुना दुवा सर्वांचा वेग ठरवतो, म्हणून संगणक, स्विच, मॉनिटर आणि दोन्ही बाजूंच्या केबल या सगळ्यांची पिढी पाहावी.

अडॅप्टर लावून पोर्ट जुळवायचे असतील तर दिशेचे भान ठेवावे. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे नेणारे स्वस्त अडॅप्टर उलट्या दिशेने चालत नाहीत. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे जायचे असेल तर सिग्नल बदलणारा सक्रिय अडॅप्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीमधून वीजही द्यावी लागते. शक्य असेल तर सर्व संगणकांकडून एकाच प्रकारचा सिग्नल स्विचपर्यंत यावा अशी मांडणी करावी, कारण प्रत्येक अडॅप्टर म्हणजे बिघाड शोधताना तपासायची आणखी एक जागा असते.

दोन मॉनिटरचा स्विच घेताना प्रत्येक संगणकापासून दोन व्हिडिओ केबल याव्या लागतात, हे विसरले जाते. ज्या लॅपटॉपला एकच व्हिडिओ पोर्ट आहे त्याला डॉक, म्हणजे जादा पोर्ट देणारी पेटी, जोडावा लागेल. अॅपलच्या काही लॅपटॉपवर, उदाहरणार्थ एम१ चिपच्या मॅकबुक एअरवर, अधिकृतपणे एकच बाह्य मॉनिटर चालतो. तिथे दोन मॉनिटरचा स्विच घेऊनही दुसरा पडदा कोराच राहील.

मॉनिटरची ओळख कोण सांगतो

मॉनिटर जोडताच संगणक त्याच्याकडून ईडीआयडी नावाची छोटी माहिती वाचतो. तिचा मूळ भाग केवळ १२८ बाइटचा असतो, पण त्यात निर्मात्याचा संकेत, मॉडेल, पसंतीचे रिझोल्यूशन आणि चालणारे रिफ्रेश दर एवढे सारे असते. मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे मात्र एका वेगळ्या पिनवरच्या व्होल्टेजवरून कळते. साध्या स्विचमध्ये बटण दाबताच सोडून दिलेल्या संगणकाकडील हे व्होल्टेज नाहीसे होते. त्या संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर उपटून नेला गेला. मग तो उरलेल्या पडद्यावर, लॅपटॉप असेल तर त्याच्या छोट्या पडद्यावर, सर्व विंडो गोळा करतो, त्यांचे आकार बदलतो, आणि आपण परत आल्यावर सगळी मांडणी नव्याने करावी लागते. मॉनिटर नसताना संगणक पुन्हा सुरू झाला तर तो कमी रिझोल्यूशन धरून बसतो, आणि मोठ्या पडद्यावर अवाढव्य अक्षरे दिसू लागतात.

ज्या स्विचमध्ये ईडीआयडी इम्युलेशन आहे, तो मॉनिटरची ही माहिती स्वतःजवळ साठवतो आणि प्रत्येक संगणकाला कायम तीच दाखवत राहतो. निवड बदलली तरी मागच्या संगणकाला काहीच घडल्याचे कळत नाही. डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत हा फरक अधिक जाणवतो, कारण तिथे मॉनिटर पुन्हा दिसला की संगणक आणि मॉनिटर यांना जोडणीचा वेग नव्याने ठरवावा लागतो आणि पडदा काही सेकंद काळा राहतो. खोक्यावर ही सोय लिहिलेली नसेल तर ती नाही असेच समजावे. तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत असे मी सुचवेन, आणि ते पोर्टच्या संख्येत काटकसर करून वाचवावेत. आधीच घेतलेल्या स्विचमध्ये ही सोय नसेल तर संगणक आणि स्विच यांच्या मध्ये लावायचे छोटे ईडीआयडी इम्युलेटर वेगळे मिळतात. प्रत्येक संगणकासाठी एक याप्रमाणे ते लावावे लागतात.

कीबोर्ड-माउस कोणत्या पोर्टमध्ये

यूएसबीच्या बाजूलाही हाच प्रश्न आहे. चांगल्या स्विचवर कीबोर्ड आणि माउस यांच्या चित्राचे दोन खास पोर्ट असतात. त्यांत जोडलेल्या उपकरणांच्या जागी स्विच स्वतःच प्रत्येक संगणकाला एक सर्वसाधारण कीबोर्ड आणि माउस दाखवत राहतो, त्यामुळे निवड बदलताच टंकलेखन लगेच सुरू करता येते आणि कळ दाबून संगणक बदलण्याचा हॉटकीही ओळखला जातो. याची किंमत अशी, की मॅक्रो कळा (एका दाबात अनेक कळांचे काम करणाऱ्या), कळांखालचे रंगीत दिवे, माउसच्या बाजूची जादा बटणे यांसारख्या गोष्टी या पोर्टमध्ये चालतीलच असे नाही. त्या हव्या असतील तर कीबोर्ड स्विचवरच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा. तिथे तो जसाच्या तसा संगणकापर्यंत पोहोचतो, पण प्रत्येक वेळी नव्याने ओळखला जात असल्यामुळे एक-दोन क्षण थांबावे लागते आणि हॉटकीही चालत नाही. दोन्हींपैकी काय हवे हे ज्याचे त्याने ठरवावे. लेखन आणि कार्यालयीन कामासाठी मी खास पोर्टच पसंत करतो.

बिनतारी कीबोर्डचा यूएसबी रिसीव्हर बहुधा चालतो, परंतु यूएसबी ३ च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि हे रिसीव्हर नेमके त्याच पट्ट्यात काम करतात. माउस अडखळू लागला तर रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलने स्विचपासून दूर आणावा. ब्लूटूथचा कीबोर्ड मात्र स्विचशी जोडला जात नाही, त्याची जोडी थेट संगणकाशी असते. त्यामुळे स्विच बदलल्याचा त्याच्यावर काहीही परिणाम होणार नाही.

उरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये प्रिंटर किंवा हेडसेट लावण्यास हरकत नाही. पेन ड्राइव्ह आणि बाह्य हार्ड डिस्क लावताना मात्र सावध राहावे, कारण निवड बदलणे म्हणजे चालू लेखनातून डिस्क उपटणेच होय. वेबकॅमचेही तसेच आहे. बैठक चालू असताना क्षणभर दुसऱ्या संगणकात डोकावले तर आपले चित्र बैठकीतून नाहीसे होते. अनेक स्विचमध्ये ही जादा यूएसबी उपकरणे आणि आवाज एका संगणकाशी बांधून ठेवून फक्त चित्र व कीबोर्ड हलवण्याची सोय असते. तिचा हॉटकी पुस्तिकेतून शोधून ठेवावा.

प्रत्यक्ष जोडणी

जोडणीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक संगणक मॉनिटरला थेट जोडून पाहावा आणि तो अपेक्षित रिझोल्यूशन व हर्ट्झ देतो याची खात्री करावी. थेट जोडणीत जे मिळत नाही ते स्विचमधून मिळणार नाही, आणि ही पायरी गाळली तर पुढे दोष स्विचचा की ग्राफिक्स कार्डचा हे ठरवताना घोळ होतो.

त्यानंतर सर्व संगणक बंद करावेत. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस स्विचच्या वापरकर्त्याच्या बाजूला, म्हणजे ज्या पोर्टांवर बहुधा 'कन्सोल' असे छापलेले असते तिथे जोडावेत. मग पहिल्या संगणकाची व्हिडिओ केबल आणि यूएसबी केबल या दोन्ही स्विचवरील एकाच क्रमांकाच्या पोर्टांत लावाव्यात. स्विचच्या बाजूला ही यूएसबी केबल बहुधा चौकोनी, म्हणजे प्रिंटरला असते तशा बी प्रकारच्या टोकाची असते. क्रमांकांची गल्लत झाली तर चित्र एका संगणकाचे आणि कळा दुसऱ्यालाच, असा प्रकार घडतो. आणि न दिसणाऱ्या संगणकावर एंटर दाबला जाणे चांगलेच महागात पडू शकते. यासाठी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून संगणकाचा क्रमांक लिहावा. टेबलाखाली वाकून केबल चाचपडण्याची वेळ पुढे कधी तरी येतेच.

केबलच्या लांबीचा हिशोब करताना संगणकापासून स्विचपर्यंतची आणि स्विचपासून मॉनिटरपर्यंतची लांबी एकत्र धरावी, कारण साधा स्विच सिग्नल ताजा करत नाही. डिस्प्लेपोर्टच्या केबल वेगवान चित्रासाठी प्रत्येकी २ मीटरपेक्षा लांब घेऊ नयेत. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या आत ठेवावी. डिस्प्लेपोर्टबाबत आणखी एक बारकावा आहे : मानकानुसार केबलच्या दोन टोकांमधील २० व्या क्रमांकाची पिन एकमेकींना जोडलेली नसावी, कारण त्या पिनवर वीज असते. हलक्या प्रतीच्या केबलमध्ये ती जोडलेली आढळते आणि मॉनिटरची वीज उलट दिशेने संगणकात शिरून तो चालू होण्यास अडचण येते. म्हणून प्रमाणित केबलच घ्याव्यात.

स्विचसोबत पॉवर अडॅप्टर आला असेल तर तो जरूर लावावा. यूएसबीमधूनच वीज घेऊन स्विच चालतो खरा, पण यूएसबी २ चा पोर्ट मानकानुसार ५०० मिलिअँपिअर एवढीच वीज देतो, आणि तेवढ्यात स्विच, दिव्यांचा कीबोर्ड आणि हेडसेट यांचे भागेलच असे नाही. स्विच अधूनमधून स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर प्रथम वीजपुरवठ्याकडेच पाहावे. सर्व संगणक, मॉनिटर आणि स्विच शक्यतो एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवावेत. वेगवेगळ्या सॉकेटवर विखुरलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधील फरकामुळे स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते.

चालू करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॉनिटर, मग स्विच, आणि शेवटी एकेक संगणक. ईडीआयडी साठवणारे अनेक स्विच सुरू होतानाच मॉनिटरची माहिती वाचून घेतात, आणि त्या क्षणी मॉनिटर बंद असेल तर ते स्वतःजवळची जुनी किंवा सर्वसाधारण माहिती संगणकांना देत राहतात. पहिला संगणक पूर्ण सुरू झाला, चित्र व कळा नीट चालल्या, की मगच दुसऱ्याचा पोर्ट निवडून तो चालू करावा. एकाच वेळी सगळे चालू केले आणि काही चुकले, तर चूक कुठे झाली हे शोधणे कठीण जाते.

हॉटकी आणि संगणकातील सेटिंग्ज

बहुतेक स्विचवर स्क्रोल लॉक किंवा कंट्रोल ही कळ लागोपाठ दोनदा दाबून पुढे पोर्टचा आकडा दाबला की संगणक बदलतो. नेमका क्रम निर्मात्यागणिक वेगळा असतो. कोणती कळ ठेवायची हे थोडा विचार करून ठरवावे. स्क्रोल लॉक निवडला आणि दाबण्यात एक ठोका हुकला, तर ती कळ चालूच राहते आणि एक्सेलमध्ये बाणाच्या कळांनी सेल बदलण्याऐवजी सगळी शीटच सरकू लागते. कारण लक्षात येईपर्यंत माणूस गोंधळून जातो. कंट्रोल निवडला तर पॉवरटॉइजमधील माउस शोधण्याच्या सोयीशी तो भिडतो, कारण तीही डावा कंट्रोल दोनदा दाबल्यावर जागी होते. मॅकच्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक छापलेलाच नसतो, तिथे कंट्रोल किंवा स्विचवरचे बटण हाच मार्ग उरतो. आपोआप एकेका संगणकावर फिरत राहणारी स्कॅनची सोय सर्व्हरच्या खोलीसाठी असते. टेबलावर ती चुकून चालू झाली तर स्विच झपाटल्यासारखा वागतो, म्हणून ती बंद करण्याचा हॉटकी माहीत असावा. बदलाच्या वेळी होणारा बीप आवाजही अशाच एका हॉटकीने बंद होतो, आणि शेजारी कोणी काम करत असेल तर तो पहिल्याच दिवशी बंद करावा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि त्यातील मल्टिपल डिस्प्लेज या भागात मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा; मॉनिटर निघाल्यावर विंडो लहान करून खाली ठेवण्याचा पर्यायही तिथेच आहे. इम्युलेशन नसलेल्या स्विचवर या दोन पर्यायांनी बराचसा त्रास वाचतो. मॅकवर विंडोजचा कीबोर्ड वापरताना कमांड आणि ऑप्शन या कळांच्या जागा उलटतात. सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये मॉडिफायर कीज या विभागात त्या कळा केवळ त्याच कीबोर्डपुरत्या अदलाबदल करता येतात. भाषेचा लेआउट प्रत्येक संगणकाचा वेगळा राहतो, म्हणून मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जे काही हाताला सवयीचे असेल तेच सर्व संगणकांवर ठेवावे.

चाचणी आणि नेहमीचे अडथळे

जोडणी झाल्यावर साध्या वापराऐवजी अडचणीचे प्रसंग मुद्दाम घडवून पाहावेत. एका संगणकावर चार विंडो मांडून दुसऱ्यावर जावे, पाच मिनिटांनी परत येऊन त्या जागच्या जागी आहेत का पाहावे. एक संगणक निवडलेला नसताना तो पुन्हा सुरू करावा आणि नंतर त्याचे रिझोल्यूशन तपासावे. संगणक झोपवून स्विचमधून कळ दाबून तो जागा होतो का पाहावे. होत नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर संगणक जागा करण्याची परवानगी द्यावी. सुरू होताना बायोसमध्ये शिरता येते का हेही पाहावे, कारण नेमकी गरज पडते तेव्हा दुसरा कीबोर्ड हाताशी नसतो.

पडदा काळाच राहिला तर केबल बदलत सुटण्याआधी रिफ्रेश दर कमी करून पाहावा. ६० हर्ट्झवर चित्र आले आणि १४४ वर गेले, तर स्विच किंवा केबल तेवढा वेग पेलत नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो. चित्रात अधूनमधून ठिपके चमकत असतील तर दोष बहुधा केबलच्या लांबीचा किंवा प्रतीचा असतो. एखादाच संगणक चित्र देत नसेल तर त्याच्या केबल चालणाऱ्या संगणकाच्या पोर्टात लावून पाहाव्यात : बिघाड केबलसोबत सरकला तर दोष केबलचा किंवा संगणकाचा, पोर्टवरच राहिला तर स्विचचा. रिफ्रेश दर चित्राप्रमाणे बदलणारी गेमिंगची सोय अनेक स्विचमधून पार होत नाही. खेळ हे मुख्य काम असेल तर तो संगणक मॉनिटरला थेटच जोडावा.

कार्यालयाचा लॅपटॉप आणि दुरून वापर

साधा केव्हीएम स्विच दोन संगणकांमध्ये फाइल किंवा कॉपी केलेला मजकूर पोहोचवत नाही, आणि कार्यालयाचा लॅपटॉप व स्वतःचा संगणक शेजारी ठेवणाऱ्यासाठी ही उणीव नसून सोयच आहे. फाइल हलवण्याची सोय देणारे काही स्विच संगणकावर सॉफ्टवेअर घालायला सांगतात. कार्यालयाच्या यंत्रावर ते परवानगीशिवाय घालू नये. सामायिक यूएसबी पोर्टात पेन ड्राइव्ह लावून ठेवणेही टाळावे, कारण त्या वाटेने दोन्ही यंत्रे एकमेकांच्या संपर्कात येतातच. गोपनीय कामासाठी वेगळे सुरक्षित केव्हीएम असतात, ज्यांत कीबोर्डचा डेटा फक्त संगणकाच्या दिशेने वाहतो आणि साठवणुकीची उपकरणे ओळखलीच जात नाहीत.

नेटवर्कवरून चालणारा आयपी केव्हीएम हा वेगळाच प्रकार आहे. तो संगणकाचे चित्र पकडून ब्राउझरमध्ये दाखवतो आणि आपल्या कळा यूएसबीमार्फत त्या संगणकाला देतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम कोसळलेली असताना किंवा बायोसमध्येही दुरून काम करता येते, जे रिमोट डेस्कटॉपने शक्य नसते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आधारलेला पायकेव्हीएम हा या प्रकारातील मुक्त प्रकल्प आहे. असे उपकरण म्हणजे त्या संगणकासमोर बसण्याचाच अधिकार असल्यामुळे त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच वेळी बदलावा, फर्मवेअर, म्हणजे उपकरणातलेच सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावे, आणि राउटरमधून त्याचा पोर्ट थेट इंटरनेटवर न उघडता व्हीपीएनमधूनच, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतूनच, त्याच्यापर्यंत जावे.